संमोहनाविषयी सर्व धर्मोपदेशकांना खुले पत्र

कीर्तनकार, प्रवचनकार, पाद्री, मौलाना आणि मठ-आश्रमांचे प्रमुख यांस,



संमोहनाविषयी आपण व्यासपीठावरून जे बोलता ते मंडपातच राहत नाही. ते ऐकून माणसे घरी जातात आणि आजारपणातले निर्णय त्यावर घेतात. वर्षानुवर्षे पोटाच्या विकाराने त्रासलेली बाई, इंजेक्शनची सुई पाहूनच घाम फुटणारा तरुण, परीक्षेच्या धास्तीने झोप उडालेली मुलगी, यांना डॉक्टरांनी संमोहन-उपचार सुचवला की घरातली मोठी माणसे पहिला प्रश्न करतात, हे आपल्या धर्मात चालते का? त्यावर आपल्याकडून बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळते. पहिले असे, की हा वशीकरणाचाच प्रकार आहे. मन दुसऱ्याच्या ताब्यात जाते, रिकाम्या मनात सैतान, जिन किंवा बाहेरची बाधा शिरते, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. दुसरे उत्तर नेमके उलटे. यात नवे काही नाही, स्वसंमोहन म्हणजे आपले ध्यान आणि नामस्मरणच. ते करा, इच्छा फळतील, पूर्वजन्मही दिसतील. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे चूक आहेत आणि दोन्हींमुळे माणसांचे नुकसान होते. संमोहन ही अलौकिक शक्ती आहे असे दोन्ही उत्तरे धरून चालतात. एकाला त्या शक्तीचे भय वाटते, दुसऱ्याला ओढ वाटते, एवढाच काय तो फरक. प्रत्यक्षात एकाग्र होण्याची आणि कल्पनेत गुंतून जाण्याची जी क्षमता माणसाला उपजत असते, तिचा हा पद्धतशीर वापर आहे. म्हणून भूल देण्याच्या औषधाला धर्म जे प्रश्न विचारतो तेच संमोहनाला विचारावेत. कोण वापरतो आहे, कशासाठी वापरतो आहे, आणि घेणाऱ्याने समजून उमजून होकार दिला आहे का? माझे सगळे म्हणणे या तीन प्रश्नांभोवती आहे.

या विषयात सर्वांत आधी एका धर्मगुरूचेच स्मरण करायला हवे. जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजे आबे फारिया, यांचा जन्म 1756 मध्ये गोव्यात बार्देशातल्या कांदोळी गावी झाला. 1771 मध्ये ते वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले, पुढे रोममध्ये शिकले आणि 1780 मध्ये त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्या काळात युरोपात फ्रान्झ आंतोन मेस्मर यांच्या मताचा बोलबाला होता. एक अदृश्य चुंबकीय द्रव विश्वात भरलेला आहे, उपचार करणारा तो आपल्या हातांतून रोग्याच्या शरीरात सोडतो, असे हे मत. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने ते तपासायला आयोग नेमला. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए त्यात होते. रोग्याला कळू न देता चुंबकन केले तर काहीच होत नाही, आणि केलेले नसताना केले असे सांगितले तर परिणाम दिसतात, असे त्यांना आढळले. द्रव नाही, जे घडते ते कल्पनेमुळे, असा निष्कर्ष त्यांनी दिला. विद्वानांच्या लेखी विषय तिथे संपला होता. पण कल्पनेने एवढे घडत असेल तर ती कल्पना काय चीज आहे, हा प्रश्न उरलाच होता, आणि तो फारियांनी धरला. 1813 मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये जाहीर प्रात्यक्षिके सुरू केली. चुंबक नाही, द्रव नाही, गूढ हातवाऱ्यांची गरज नाही. समोरच्याला शांत बसवायचे, लक्ष एका ठिकाणी स्थिर करायला लावायचे आणि झोपण्याची आज्ञा द्यायची. त्यांचा सिद्धांत असा, की यातले सामर्थ्य संमोहन करणाऱ्याचे नसते, ते संमोहित होणाऱ्याचे असते. काही माणसे लवकर संमोहित होतात याचे कारण त्यांनी रक्ताच्या पातळपणात शोधले, ते चुकीचे होते. मूळ निरीक्षण मात्र टिकले. पुढे फ्रान्समधल्या नान्सी शहरातले डॉक्टर बर्नहाइम यांनी सूचनेवर आधारलेला उपचार उभा केला, तेव्हा आपल्याआधी ही वाट फारियांनी दाखवली होती हे त्यांनी मान्य केले. फारियांच्या हयातीत मात्र त्यांना दोन्ही बाजूंनी मार बसला. द्रववाद्यांना ते आपले शत्रू वाटले, आणि हे सैतानी काम आहे असे म्हणणारे त्यांच्याच धर्मातले लोक होते. 1819 मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला आणि त्याच वर्षी ते वारले.

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा उभा आहे. धर्मगुरूचा वेश, पुढे ताणलेले हात, आणि त्या हातांखाली मागे झुकलेली स्त्री. शिल्प म्हणून ते फार प्रभावी आहे. पण पाहणाऱ्याला त्यातून वाटते ते असे, की शक्ती त्या हातांतून वाहते आहे. फारियांनी जे खोडून काढले तेच त्यांच्या पुतळ्यातून लोकांच्या मनावर ठसते. आपल्या प्रवचनांतही हेच घडते, ही माझी पहिली तक्रार आहे. दोनशे वर्षांपूर्वी एका धर्मगुरूने अभ्यासाने दूर केलेला गैरसमज धर्मपीठांवरून आजही सांगितला जातो.

धर्मसंस्थांना हा विषय नीट हाताळता येत नाही असे मुळीच नाही. कॅथलिक चर्चचा व्यवहार यात शिकण्यासारखा आहे. 1856 मध्ये रोमच्या होली ऑफिसने बिशपांना पाठवलेल्या पत्रात चुंबकनाच्या गैरवापरांचा कडक निषेध केला. पण निषेध करताना एक रेघ नीट ओढली. नैसर्गिक साधने नैसर्गिक हेतूसाठी आणि नीतीला धरून वापरणे हा स्वतःहून दोष ठरत नाही. त्याच साधनांनी मृतांशी बोलणे, दूरचे वा गुप्त पाहणे असे अलौकिक परिणाम घडवल्याचा दावा करणे ही फसवणूक आणि अंधश्रद्धा आहे. स्त्रीरुग्णांच्या बाबतीत नीतिभंगाची भीती 1784 च्या आयोगानेही राजाला दिलेल्या गुप्त अहवालात मांडली होती, म्हणजे धर्म आणि विज्ञान या दोघांनाही धोका एकाच जागी दिसला होता. पुढे 1957 मध्ये पोप पायस बारावे यांनी भूलशास्त्राच्या डॉक्टरांपुढे बोलताना वेदना कमी करण्यासाठी डॉक्टरांनी केलेल्या संमोहनाला मान्यता दिली. अट घातली ती वैद्यकीय आणि नैतिक खबरदारीची. करमणूक म्हणून किंवा हौशी माणसांनी ते हाताळू नये असे बजावले. इथे श्रद्धेशी तडजोड कुठेच झालेली दिसत नाही. वस्तुस्थिती आधी समजून घेतली आणि निवाडा त्यानंतर दिला. ज्यू धर्मशास्त्रातले विसाव्या शतकातले मोठे अधिकारी मोशे फाइनस्टाइन यांनीही उपचार म्हणून संमोहनाला परवानगी दिली.

उलट बाजूही आहे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या एलन व्हाइट यांनी संमोहनाला ठाम विरोध केला, यहोवाचे साक्षीदारही ते वर्ज्य मानतात. सौदी अरेबियाच्या फतवा देणाऱ्या स्थायी समितीने संमोहन हे जिनांच्या मदतीने होणारे कर्म ठरवून निषिद्ध म्हटले, तर वैद्यकीय वापराला हरकत नाही असे मानणारेही मुस्लिम विद्वान आहेत. या निषेधांच्या मुळाशी कोणता समज आहे ते पाहा, एवढीच माझी विनंती. संमोहन जिनांमुळे घडते असे धरले तर ते निषिद्धच ठरेल. पण घडते ते लक्ष आणि सूचना यांमुळे, हे दाखवता येत असेल, तर निषेधाचा पायाच सरकतो. मौलानासाहेब, आपल्या परंपरेत एखाद्या हुकमाचे कारण बदलले तर हुकमाचा फेरविचार करण्याची शिस्त जुनी आहे. ती इथेही लावावी.

आता खऱ्या आक्षेपाकडे येतो. तो असा, की मन दुसऱ्याच्या हाती देणे हाच अधर्म आहे, मग ते कशामुळे घडते याने काय फरक पडतो? हा आक्षेप मी फार गंभीरपणे घेतो, कारण तो स्वामी विवेकानंदांनी घेतला आहे. 1896 च्या ‘राजयोग’ ग्रंथात प्रत्याहाराविषयी, म्हणजे इंद्रिये आवरण्याविषयी, लिहिताना त्यांनी संमोहन करणाऱ्यांपासून सावध राहायला सांगितले. त्यांचा मुद्दा असा, की योगी स्वतःच्या मनावर स्वतः ताबा मिळवतो. संमोहनात तो ताबा काही काळ दुसरा घेतो, आणि प्रत्येक अशा प्रसंगी माणसाची इच्छाशक्ती थोडी दुबळी होते. विवेकानंदांच्या काळी रंगमंचावरचे खेळ आणि वैद्यकातला उपचार यांच्यातली सीमा पुसटच होती, त्यामुळे त्यांची धास्ती समजण्यासारखी आहे. पण त्यानंतरच्या अभ्यासाने चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. संमोहन ही झोप नाही, मेंदूच्या विद्युतलहरींची नोंद जागेपणाची असते. मन रिकामेही होत नाही, ते एका विषयावर नेहमीपेक्षा अधिक गोळा झालेले असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात 1959 मध्ये तयार झालेल्या मोजपट्टीवर दिसले, की संमोहित होण्याची क्षमता माणसामाणसांत फार वेगवेगळी असते. संमोहन करणारा कितीही वाकबगार असला तरी ज्यात ती क्षमता कमी आहे त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. फारियांचे म्हणणे इथे मोजमापासह खरे ठरते. आणि स्वसंमोहनात तर दुसरा कोणी नसतोच. शिकवणारा पद्धत दाखवतो आणि बाजूला होतो. लक्ष माणसाचे स्वतःचे, सूचना त्याची स्वतःची. विवेकानंदांनी जो निकष लावला त्याच निकषाने पाहिले तर वेदना किंवा भीती आवरण्यासाठी स्वतःच्या मनाला स्वतः वळण लावणे आक्षेपार्ह ठरू नये.

म्हणून धोका नाही असे मी म्हणत नाही. उपचारकाच्या खोलीत एक माणूस विश्वासाने डोळे मिटून बसलेला असतो आणि दुसऱ्याचे शब्द ऐकत असतो. तो विश्वास मोडून पैसा, शरीर किंवा निष्ठा हिरावून घेणारे निघू शकतात. पण हा धोका विश्वासाच्या नात्यातला आहे, संमोहनाच्या तंत्रापुरता तो नाही. गुरू-शिष्य, डॉक्टर-रुग्ण, धर्मगुरू-भाविक, अशा प्रत्येक नात्यात तो असतो.

इथेच माझी दुसरी आणि सर्वांत मोठी तक्रार आहे, आणि ती मी आदर ठेवून पण स्पष्ट सांगतो. त्याच ग्रंथात विवेकानंदांनी आणखी एका वर्गाला संमोहन करणाऱ्यांच्या रांगेत बसवले आहे. संगीत, नृत्य आणि प्रार्थना यांच्या जोरावर समुदायाला भारून टाकणारे धर्मनेते हा तो वर्ग. ते परिच्छेद आपण प्रवचनात सहसा सांगत नाही. हजारोंचा जमाव, तासन्तास एकाच लयीचे गाणे, थकलेली शरीरे, आधीपासून बांधलेली अपेक्षा, मग अधिकारवाणीतला एक शब्द, आणि लंगडा चालू लागतो, कोणी घुमू लागते, कोणी कोसळते. दरबार असो की चंगाईची सभा, सूचना स्वीकारण्याची मनाची तयारी इथेही तशीच केलेली असते, फक्त ती कोणी संमती विचारून केलेली नसते. दवाखान्यातला उपचारक निदान आधी समजावतो, विचारतो, थांबा म्हटले तर थांबतो. जो उपदेशक सकाळी संमोहनाला पाप म्हणतो आणि संध्याकाळी मंडपात हे घडवतो, त्याने दोन्हीकडे एकच माप वापरावे. भक्तीतला आनंद खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. टाळमृदंगाच्या गजरात हरपलेले भान कोणाचे काही हिरावत नाही. त्या हरपलेल्या भानाचा कोणी व्याधी बरी झाल्याचा पुरावा करतो आणि औषध थांबवायला सांगतो, तिथे माझा आक्षेप आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवली आहे. शब्दांनी होणारे सगळेच नुकसान कलमात मोजता येत नाही, म्हणून ते रोखणे आपल्या विवेकावर सोपवलेले आहे.

तिसरा विषय स्वसंमोहन आणि साधना यांच्या सरमिसळीचा. नान्सीतच एमिल कुए हे औषधविक्रेते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकांना रोज स्वतःला एक ठरावीक वाक्य सांगायला शिकवत. वीस गाठींच्या दोरीवर मोजून ते वाक्य वीसदा म्हणायचे. जपमाळेची ही उसनवारी उघडच होती. ती पाहून आपल्याकडचे अनेक वक्ते उलटा निष्कर्ष काढतात, की जप म्हणजे स्वयंसूचना आणि समर्थांचे मनाचे श्लोक म्हणजे मराठीतले स्वसंमोहन. मला हे दोन्हींवर अन्याय करणारे वाटते. 205 श्लोकांत समर्थ मनाला उद्देशून बोलतात हे खरे, पण ते मनाला विचार करायला लावतात, काय धरावे आणि काय सोडावे याचा विवेक मागतात. स्वयंसूचनेत वाद घालायचा नसतो. वाक्य स्वीकारायचे आणि शरीराला ते मुरवू द्यायचे, एवढेच. भक्ताच्या नामस्मरणात स्वतःपलीकडे कोणीतरी आहे आणि आपण त्याच्या दारात उभे आहोत असा भाव असतो. स्वसंमोहनात असा कोणी नसतो आणि असण्याची गरजही नाही. ती दाढदुखी, झोप, धास्ती यांसाठीची मर्यादित कसरत आहे. तिने मोक्ष मिळतो असे म्हणणारा आपल्या क्षेत्रात घुसखोरी करतो, आणि तिने मोक्षाला बाधा येते असे म्हणताना आपण तिच्या क्षेत्रात करता. या कसरतीमुळे अहंकार वाढतो, सगळे माझ्याच मनात आहे असे वाटू लागते, हा आक्षेपही मी ऐकला आहे. ‘जे मागाल ते मिळेल’ अशी विक्री जिथे चालते तिथे तो पूर्णपणे लागू आहे, आणि तिथे आपण अधिक जोरात बोलायला हवे. पण रक्त काढताना हात थरथरू नये म्हणून श्वास मोजणाऱ्या माणसावर अहंकाराचा आरोप करणे निष्ठुरपणाचे आहे.

संमोहनाची बाजू घेणाऱ्यांनीही हात आखडता ठेवायला हवा, हे मी मान्य करतो. पुरावा जिथे आहे तिथे चांगला आहे. 1845 मध्ये बंगालमधल्या हुगळीत जेम्स एसडेल या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने मेस्मेरिक पद्धतीने वेदना दाबून शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली, तेव्हा ईथरची भूल अजून आलेली नव्हती. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी 1984 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये 30 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, आतड्याच्या जुनाट त्रासात संमोहन-उपचार घेणारे रुग्ण तुलनेच्या गटापेक्षा स्पष्टपणे सुधारले होते. औषधांनी वर्षभरात गुण न आलेल्या अशा रुग्णांसाठी ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेत या उपचाराचा विचार करायला सांगितले आहे. 1997 मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दिसले, की वेदनेचा त्रासदायकपणा सूचनेने कमी केला तर मेंदूच्या संबंधित भागातली हालचालही बदलते. पण धूम्रपान सोडवण्याबाबत पुरावा कच्चा आहे, आणि आठवणींच्या बाबतीत तर संमोहन चक्क दिशाभूल करते. संमोहनात सांगितलेल्या आठवणीविषयी माणसाची खात्री वाढते, अचूकता वाढत नाही. पूर्वजन्म दाखवण्याच्या धंद्याचे मूळ इथे आहे. निकोलस स्पॅनोस या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसले, की काय दिसेल असे आधी सुचवले जाते तसा पूर्वजन्म लोकांना दिसतो. पुनर्जन्मावर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी तर या धंद्याविरुद्ध सर्वांत आधी उभे राहायला हवे, कारण त्यांच्या श्रद्धेचे हे विकाऊ नाट्य आहे. तरी काही मठांच्या आणि संस्थांच्या सभागृहांत अशी शिबिरे भरतात, ही माझी तिसरी तक्रार.

महाराष्ट्रात तर हा विषय श्रद्धा आणि अश्रद्धा यांच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे श्याम मानव स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेतात, आणि सनातन संस्थेचे संस्थापक जयंत आठवले हेही संमोहन-उपचारतज्ज्ञ म्हणूनच व्यवसाय करत होते. इतक्या टोकाच्या भूमिकांच्या माणसांच्या हाती जे साधन राहू शकते, ते कोणत्याही एका धर्माचे नाही आणि धर्मविरोधाचेही नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2003 मध्ये प्रशिक्षित व्यक्तींनी करायची उपचारपद्धती म्हणून त्याची दखल घेतली, ती योग्य चौकट आहे.

तेव्हा माझ्या विनंत्या सांगतो. संमोहन म्हणजे बाधा, असे सरसकट विधान यापुढे करू नये. विचारायला आलेल्याला उपचारक कोण आणि किती शिकलेला, हेतू काय, आणि आपण समजून उमजून होकार दिला आहे का, हे तीन प्रश्न विचारायला शिकवावे. ज्याला भास होतात, आवाज ऐकू येतात किंवा जीव नकोसा झाला आहे, त्याला स्वसंमोहनाच्या शिबिरात किंवा अंगाऱ्याच्या रांगेत न पाठवता थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. पूर्वजन्म आणि इच्छापूर्ती विकणाऱ्यांना आपले सभागृह देऊ नये. आपल्या सभेत कोणी बरे झाल्याचे जाहीर करण्याआधी त्याच्या डॉक्टरांचा कागद मागवावा, आणि तो येईपर्यंत औषध चालू ठेवण्यास त्याच व्यासपीठावरून सांगावे. आपल्या शब्दाला लोक किती मानतात हे आपल्याला ठाऊक आहेच. पुढच्या प्रवचनात, पुढच्या रविवारी, पुढच्या जुम्म्याला या विषयावर दहा मिनिटे बोलावे आणि उपचार घेणाऱ्या भाविकाला निर्धास्त करावे, एवढे मागणे आहे.



आपला,
आपल्या श्रोत्यांपैकी एक